शैलाचे चुकणारे पाय

संध्याकाळी फिरून येताना मी कथकच्या क्लासच्या खिडकीशी थबकले. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत शैला उभी होती. आम्ही दोघींनी तीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवलं आणि एकाच दिवशी निवृत्त झालो. आता तिच्या पायांत घुंगरू होते आणि ‘ता थेई थेई तत’ म्हणताना तिचा पाय दर वेळी चुकत होता. शेजारची चिमुरडी तिला दटावत होती, “आजी, उजवा आधी!” त्यावर शैला खळखळून हसत होती.

ती छान नाचत असती, तर मी मनात कौतुक करून पुढे गेले असते. पण ती इतकं वाईट नाचत होती आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. मला हेवा वाटला तो त्याचाच. चारचौघांत मी जन्मभर तेवढंच केलं, जे मला आधीपासून जमत होतं.

तिने मला पाहिलं. “अगं, ये ना आत!”

“गुडघे दुखतात गं माझे,” मी म्हणाले. ते खोटं होतं.

घरी आल्यावर ह्यांच्यासमोर मी तिची नक्कल केली. पदर खोचला, हात पसरले, मुद्दाम वेडेवाकडे पाय आपटले. हे पोट धरून हसले. हसून झाल्यावर ते टीव्हीकडे वळले.

मला मात्र थांबावंसं वाटेना.