पिठावरची पावलं

धान्याच्या गोदामात उंदीर धरण्यात त्याचं आयुष्य गेलं. सगळे त्याला पिंजरेवाला म्हणत आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नसे. उलट कुणी 'उंदीरवाला' म्हटलं की त्याचा पारा चढायचा. "उंदीर काय, मांजरही धरतं," तो म्हणायचा, "पिंजरा लावायला डोकं लागतं." त्याचं डोकं चालायचंही. पिंजऱ्याला साबणाचा हात लागू द्यायचा नाही, नवा पिंजरा आधी पोत्यांच्या धुळीत लोळवायचा, आणि तळलेल्या पावाचा तुकडा उंदीर जिथून अंग घासत जातो त्या भिंतीच्या कडेलाच ठेवायचा. सकाळी पिंजरे गच्च. मग मेलेले दारात ओळीने मांडून, साहेब येईपर्यंत मिशीला पीळ देत उभं राहायचं, हा त्याचा रोजचा थाट.

त्याला दोन मुलगे. थोरला बापाच्या वळणावर गेलेला, सांगाल तिथे उडी घेणारा. धाकटा बुजरा, दाराशी अनोळखी चपला दिसल्या तर कोण आलंय ते आधी खिडकीतून बघणारा. बापाचा जीव थोरल्यावर, आणि त्याने ते कधी लपवलं नाही. एकदा तिसऱ्या दालनात कीड मारायच्या विषारी गॅसच्या गोळ्या ठेवून दारं बंद केली होती. ती उघडली तेव्हा दोघेही बरोबर होते. आत हवा खेळायला अजून अवकाश होता, पण पोती हलवायची घाई होती. "जा रे, एक नजर टाकून ये," बाप म्हणाला. थोरला गेला, धाकटा दाराशीच थांबला. थोरल्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

तेव्हापासून बापाने एक गोष्ट मनाशी घट्ट धरली. धाकटाही आत गेला असता तर दोघांनी एकमेकांना ओढत बाहेर आणलं असतं. याने कच खाल्ली म्हणून तो गेला. तोंडावर तो हे कधी बोलला नाही. दोघं शेजारी बसून पिंजऱ्यांच्या तारा वळायचे आणि बाप त्याच्याकडे वर मान करून बघायचा नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे पुढे पिंजरे रिकामे राहू लागले. आधी एखाददुसरा, मग सगळेच. साहेब खूश. "तुम्ही तर त्यांचा वंशच बुडवलात!" म्हणाले. पिंजरेवाला हसला नाही. कारण दिवेलागणीला तिसऱ्या दालनात काहीतरी चालत होतं. पोत्यांमागे जराशी सरसर, मग कुणीतरी श्वास रोखून उभं राहावं तशी शांतता. उंदरांचे सगळे आवाज त्याला पाठ होते, दातांचे, भांडणाचे, पिलांचे. इतकं दबून चालणारं जनावर त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्याने बायकोला सांगितलं. भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला.

"त्याच दालनात?"

"हं."

"मग तोच असेल हो. जीव अडकलाय त्याचा तिथे."

'काहीतरीच बोलू नकोस' असं तिला दटावायला हवं होतं, पण दटाववलं नाही. खरं सांगायचं तर तिने तसंच म्हणावं म्हणूनच तो सांगायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी घरी निघताना त्याने तिसऱ्या दालनाच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पीठ चाळलं. मांडलेले पिंजरे जागच्या जागी राहू दिले. "हे कशाला, बाबा?" धाकट्याने विचारलं. बापाने दाराला कडी घातली. त्या रात्री बापाचा डोळ्याला डोळा लागला नाही. थोरल्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. ती उमटली असेल का, एवढंच डोक्यात.

सकाळी दार उघडलं तर पीठ पावलांनी भरून गेलं होतं. बारीक नखं, मधून ओढत गेलेली शेपटीची रेघ. उंदीर होते, आणि थोडेथोडके नव्हते. फक्त प्रत्येक पिंजऱ्याभोवती हातभर पीठ कोरं होतं. सगळ्या वाटा तिथवर येऊन वळल्या होत्या आणि वळसा घालून पोत्यांत शिरल्या होत्या. पिंजरेवाला एका पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला.

"शहाणे झाले की हे," धाकटा म्हणाला. "शिकले वाटतं."

"कोण शिकवणार? पिंजऱ्यात गेलेला एक तरी परत गेलाय का सांगायला?" बाप म्हणाला. "हे पहिल्यापासून असायचे. शंभरात दोन-चार. नवं काही दिसलं की लांबून जाणारे, जन्माचेच भित्रे. मी म्हणायचो, उरले तर उरले. धीट होते ते मी काढले. मग पिलं कुणाला झाली? मागे थांबले त्यांना. ती आईबापांवर गेली. त्यातही जी जरा धीट निघाली ती मी पुन्हा काढली. असं किती पिढ्या चाललं असेल! मी आपला मेलेले मांडत बसलो दारात. जगणारे कोण, ते बघितलंच नाही."

'भित्रे' हा शब्द त्याच्या तोंडून गेला होता आणि आता तो परत घेता येत नव्हता. त्याने मान वर केली. किती वर्षांनी त्याने या पोराचं तोंड नीट पाहिलं! कानशिलावर केस पिकले होते.

"तू त्या दिवशी आत का नाही गेलास?"

धाकट्याला आठवावं लागलं नाही. "वास येत होता, बाबा. लसणीसारखा. मला भीती वाटली. मी दादाचा हात धरला, म्हटलं, जरा थांब. तुम्ही म्हणालात, 'सोड त्याला. तू बस दारात, तुला तेवढंच जमतं.' दादा हसला. हात सोडवून घेतला आणि गेला."

बापाला त्या दिवसातलं सगळं लख्ख आठवत होतं, दाराची कडी, उन्हाचा पट्टा, थोरल्याचा शर्ट. ते एक वाक्य तेवढं निसटलं होतं. आता ते ऐकू आलं, त्याच्या स्वतःच्या आवाजात.

"मीच पाठवलं त्याला," तो म्हणाला.

हे त्याने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. आता पोरगा म्हणेल, 'असं मनाला लावून घेऊ नका, बाबा.' निदान तेवढं तरी म्हणेल, म्हणून तो वाट बघत राहिला. धाकट्याने कोपऱ्यातला झाडू उचलला आणि भिंतीकडून पीठ गोळा करायला सुरुवात केली.

"हो," तो म्हणाला.