न छाटलेली टोकं

हॉलंडमधल्या आमच्या न्यूनेन गावच्या चौकातल्या त्या रेस्टॉरंटसमोरून जाताना त्रूस सायकलची घंटा एकसारखी वाजवत राहायची. रस्त्यावर मांजरसुद्धा नसलं तरी. मी इथे नवी होते तेव्हा कारण विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "आत बसलेल्यांच्या घशात घास अडकावा म्हणून."

त्रूस आमची शेजारीण. आता ती नाही. वयाने माझ्या आईपेक्षा मोठी, पण "बाई-बिई नको, नुसतं त्रूस म्हण," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या, फांद्या भिजवून ती टोपल्या विणायची. कसब वडिलांचं आणि हत्यारंही त्यांचीच: वीण दाबून बसवायची लोखंडी ठोकणी, फट पाडायचा टोच्या आणि शेवटी फांद्यांची टोकं छाटायची आखूड सुरी. खुब्याचं हाड मोडून ती इस्पितळात पडली, तेवढ्यात तिच्या भावाने, हेंकने, ती सगळी रेस्टॉरंटला विकून टाकली. त्यांनी मुठींना भोकं पाडून, स्क्रू मारून भिंत सजवली. या वयात ही आता कुठली विणतेय, असं हेंकचं म्हणणं.

तिने नवी हत्यारं घेतली, पण ती हाताला कधी बसली नाहीत. हेंकशी समेट घडवायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकवायची, "ओली फांदी वाकते, वाळलेली मोडते. मी वाळलेय." मलाही ऐकवलं. सासरच्या एका माणसावर माझाही असाच दात आहे, त्यामुळे मी पुन्हा तिची समजूत घालायला गेले नाही.

मग हेंकला कॅन्सर झाला. इकडे काही जण विणलेल्या शवपेटीत पुरून घेतात. त्याने निरोप पाठवला, माझी पेटी त्रूसनेच विणावी. ती लगेच हो म्हणाली. मला वाटलं, विरघळली. फांद्या भिजवायला मीही हात लावला.

माप बघायला हेंक काठी टेकत स्वतः आला. पेटीत आडवा झाला आणि कण्हत उठून बसला. आत, पाठ टेकते तिथे, एकूण एक टोक तसंच ठेवलेलं होतं.

"त्रूस, हे छाटायचं राहिलंय."

"छाटायची सुरी भिंतीवर आहे."

बिचाऱ्याने रेस्टॉरंटवाल्याच्या हातापाया पडून सुरी सोडवून आणली. त्रूसने अंगठ्यावर धार पाहिली, सुरी खिशात टाकली आणि त्याला कॉफी दिली. सोबत एक बिस्किटही दिलं.

दफनाच्या दिवशी लोक पेटीवरून हात फिरवून वीण वाखाणत होते. पेटी खाली जाऊ लागली तेव्हा मी त्रूसच्या कानाशी विचारलं, "टोकं छाटलीस ना?"

"नाही."

"अगं, सुरी तर आली होती."

"सुरी आली," खड्ड्यात बघत ती म्हणाली. "ठोकणी कुठे आली?"

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, बरं वाटलं.