कप्तान ‘येतो’ म्हणाला

आमच्या अनसिंगच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा टीव्हीवरच्या हिंदी मालिकेचा शेवटचा भाग सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि मी रागानं नुसती फणफणत होते. रविवारची सकाळ. घर हरवलेलं अंतराळयान, त्याचा म्हातारा कप्तान, पुठ्ठ्याची बटणं, सगळं मी वर्षभर एक रविवार न चुकवता पाहिलं होतं. आणि नेमकं शेवटच्या दिवशी घरचे मला पुण्याला पाठवत होते, डिप्लोमाला!

बाबा स्टँडवर आलेच नाहीत. ते रेल्वेत गँगमन, टीव्हीला “तो डब्बा” म्हणणारे. घरून निघताना मला म्हणाले, “तू जाय. म्या पाह्यतो अन् तुले सांगतो.” लेकीला गाडीत बसवून द्यायचं सोडून टीव्हीपुढे बसले म्हणून मी आणखीच चिडले. खिडकीतून मायला म्हटलं, “जातो मी.” माय कडाडली, “जातो काहून म्हनतं वं? येतो म्हन!” आमच्याकडे बायाही “येतो”च म्हणतात. मी तोंड फिरवलं. म्हटलंच नाही.

पुण्यात पहिले दोन महिने मी रोज रडले, खोटं कशाला बोलू? माझ्या “मले-तुले”वर मुली खिदळायच्या. परत जायचं ठरवून बॅगही भरली. तेवढ्यात बाबांचं पत्र आलं. माझी चौकशी एका ओळीत आणि बाकी सगळा शेवटचा भाग! यानाला नवा ग्रह सापडतो, खाली काय आहे कुणालाच ठाऊक नाही, कप्तान एकटा उतरायला निघतो. “दारात उभा राहून सर्वाइले म्हणे, येतो. मंग दार लागलं.”

पत्र चारदा वाचलं. एवढ्या लांब गेलेला माणूस येतो म्हणतो, म्हणजे येणारच. मग पुण्याचं काय एवढं? बॅग रिकामी केली. हॉस्टेलातली एक मुलगी म्हणाली, कप्तान कायमचा जातो गं शेवटी. तिच्याशी कडाकडा भांडले. माझ्या बाबांनी स्वतः पाहिलंय म्हटलं!

आज पुण्यात माझं घर आहे, कारखान्यात माझ्या शब्दाला वजन आहे, आणि हौस म्हणून जुन्या मालिकांची परीक्षणं लिहिते. मध्यंतरी कुणीतरी त्या मालिकेचे सगळे भाग इंटरनेटवर टाकले. तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, ज्यांना ज्यांना तो कप्तान आठवतो त्यांच्यासाठी परीक्षण लिहावं म्हणून शेवटचा भाग लावला. बटणं खरंच पुठ्ठ्याची निघाली. मधली दहा मिनिटं नुसता धूर. पण कप्तान झालेला नट, काय सांगू! दारात थांबतो, एकेकाकडे बघतो आणि म्हणतो, “अच्छा, मैं जाता हूँ.” दार लागतं. संपलं.

जाता हूँ? ज्या शब्दावर मी पुण्यात टिकले, तो त्यात नव्हताच. बाबांनी मला पुण्यात टिकवायला थाप मारली होती?

लगेच फोन लावला. बाबा ऐंशीला टेकलेत, पण तो भाग त्यांना पाठ आहे.

“बाबा, कप्तान येतो म्हणतच नाही. जातो म्हणतो!”

“हो मंग. हिंदीत तसंच म्हनतेत.”

“मग तुमी येतो काहून लिवलं?”

“अवं, आपली मानसं सोडून निघून राह्यला थो. त्याच्या तोंडी जातो कसं लिवू? आपल्यात म्हनते काय कोनी?” मग म्हणाले, “तूच म्हनली होती. तुही माय दोन दिवस जेवली नोती.”

रडू आलं, अगदी हॉस्टेलातल्यासारखं.

परीक्षण लिहून झालंय. बाकीच्या लिहिणाऱ्यांनी शेवट उदास असल्याचं म्हटलंय, म्हणोत बापडे. मी ठणकावून लिहिलंय की कप्तान परत येतो, कारण बाबांचं भाषांतर चोख आहे. पुण्याचं घर मी कष्टानं उभं केलंय, ते सोडणार नाही. पण “येतो” म्हणायला मला अनसिंगच लागतं. पुण्यात मी “येते” म्हणते, आणि ते कुणी ऐकतही नाही.

गेल्या रविवारी अनसिंगहून निघाले. या वेळी बाबाही स्टँडवर आले होते. एसटी हलली तशी मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले, “माय, येतो वं!”

माय म्हणाली, “आता कसं!”