तीन ढ बॅटऱ्या आणि एक हुशार

शिसे-संचायक घटाची आकृती मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढली. पुढे पुढे तर मुलांकडे तोंड करून, हात मागे नेऊन काढायचो. दोन पट्ट्या, मध्ये आम्लाच्या तुटक रेघा, बाजूला बाण. त्या सव्वीस वर्षांत खऱ्या बॅटरीचं बूच मी एकदाही उघडलं नव्हतं. हे वाडीला ठाऊक नव्हतं आणि मीही कुणाला सांगायला गेलो नाही. त्यामुळे हिंजवडीच्या एका कंपनीनं वाडीला बॅटरीवर चालणारी होडी भेट दिली, तेव्हा ती सांभाळायला निवृत्त विज्ञान शिक्षकाखेरीज दुसरं कोण सुचणार? हार आणला गेला. मी मान जरा जास्तच वाकवली.

आमची वाडी मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला. रस्त्यानं बाहेर पडायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा पडतो, आणि एसटी दुपारी एकदा येते, तीही मनात आलं तर. होडीनं समोरचा काठ वीस मिनिटांवर. होडीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांखाली दोन-दोन अशा चार बॅटऱ्या. काठावर नळपाण्याचं पंपघर आहे, तिथून वायर ओढून चार्जर लावलेला. या पाण्यावर होणारी वीज घाटाखाली जाते. आमच्या पंपघराची मात्र तारेवर कावळा बसला तरी जाते.

पहिला महिना सगळी वाडी होडीत बसून आली. मग हौस फिटली आणि रोजची ठरलेली अशी एकच उतारू राहिली, माझी जुनी विद्यार्थिनी. समोरच्या काठावरच्या एका निवासी शाळेत ती स्वयंपाकाला होती. मुलांच्या नाष्ट्यासाठी सातच्या ठोक्याला चुलीपाशी हजर राहावं लागे. नवरा मारुंजीत टेंपो चालवायचा, तिथंच खोली घेऊन राहायचा, आणि दर रविवारी येऊन एकच सांगायचा, की घराला कुलूप लाव आणि चल. ती म्हणायची, तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सासूबाईंना बसवू का म्हैस बांधू? नोकरी होती तोवर तिचं म्हणणं टिकत होतं. आणि नोकरी माझ्या चार बॅटऱ्यांवर टिकून होती.

आता माझे पराक्रम.

बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालायचं, हे मला पाठ होतं. पण ते आणायला पौडला जावं लागतं. आणि आमच्या खडकातल्या झऱ्याचं पाणी असं, की पुण्याचे लोक गाडीतून कॅन घेऊन येतात. मी आधी ओंजळभर पिऊन पाहिलं. गोड, थंड, नितळ. याहून शुद्ध ते काय असणार, असा विज्ञाननिष्ठ निष्कर्ष काढून मी चारही बॅटऱ्यांना वर्षभर तेच पाजलं. चोवीस बुचं, दर पंधरवड्याला, चहाच्या किटलीनं.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस वीज नसे, तेव्हा सगळी वाडी मोबाइल चार्ज करायला होडीवर यायची. नाही म्हणवेना. लोक गुरुजी गुरुजी करत भोवती उभे राहायचे, नोकरीत असताना कुणी एवढं म्हटलं नव्हतं. बॅटऱ्या पार तळाला जायच्या आणि वीज येईपर्यंत तशाच रिकाम्या पडून राहायच्या.

दिवाळीनंतर होडी रेंगाळू लागली. विसाची तीस मिनिटं झाली, मग चाळीस. एका सकाळी ती शाळेत सव्वासातला पोचली. तिला सांगण्यात आलं, तीनदा उशीर झाला तर चौथ्या दिवशी यायचं नाही. मी कंपनीला फोन लावला. होडी देणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. नवा माणूस फारच गोड बोलला. म्हणाला, यंदा आमचा विषय झाडं आहे.

तिनं नवऱ्याला काय सांगितलं ठाऊक नाही, पण पुढच्या रविवारी तो टेंपोसाठी घेतलेली कोरी बॅटरी खांद्यावर टाकून आला. होडीत ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ही शेवटची. ही पण बसली की कुलूप."

आता शिक्षक म्हणून माझी एक पद्धत होती. ढ मुलाशेजारी हुशार मूल बसवायचं, म्हणजे ढ आपोआप वर येतो. त्यावर मी तालुक्याच्या शिबिरात भाषणही केलं होतं. तेव्हा सगळ्यांत खराब बॅटरी मी काढली, तिच्या जागी नवी बसवली, आणि उरलेल्या तिघींना एका ओळीत तिच्याशी जोडलं. आता ही तिघींना सुधारणार बघ, असं मी हौसेनं माझ्या विद्यार्थिनीला समजावून सांगितलं.

ती पदराला हात पुसत उभी होती. "मला बसवलं व्हतं की तुमी असंच. पाचवीत, त्या नाक वडणाऱ्या पोराशेजारी."

"मग? सुधारला ना तो?"

"त्यो कशाचा सुधारतोय. माझं गणित गेलं."

बॅटरी म्हणजे काही पाचवीचा वर्ग नव्हे, असं मी म्हणालो आणि नट आवळला. ती होडीत बसली. गुरुजींपुढे जास्त बोलू नये हेसुद्धा तिला मीच शिकवलं होतं.

आठ-दहा दिवस होडी पळाली. मी काठावरच्या म्हाताऱ्यांना शिबिरातलं भाषण पुन्हा ऐकवलं. मग एका सकाळी भर पाण्यात मोटार कुंथली आणि थांबली. मी चाव्या फिरवल्या, वायरी हलवल्या, शेवटी नव्या बॅटरीला चापटही मारली. सवय. तोवर माझी विद्यार्थिनी बाजूचा पत्र्याचा डबा उचलून पाणी मागे सारू लागली होती. पोचलो तेव्हा आठ वाजले होते. उशीर दुसरा.

पौडचा बॅटरीवाला मिस्त्री त्याच दुपारच्या एसटीनं आला. त्यानं पिशवीतून काचेची नळी काढली, तेव्हा मी ओळखीच्या आनंदानं "हायड्रोमीटर" म्हणालो. तो म्हणाला, व्हय. नळीत ओढलेलं ॲसिड जुन्या तिघींत तपकिरी आलं, आतला तरंगता काटा तळाला. नवीतही तळालाच.

"पानी कुटलं घातलं?"

"झऱ्याचं."

"पिऊन बघितलं व्हतं का?"

"हो."

त्यानं मान हलवली, जशी मी निकालाच्या दिवशी पालकांसमोर हलवायचो. मग सांगू लागला. टेंपोची बॅटरी एका दणक्यात जोर लावायला केलेली असते, हळूहळू देत राहायला नाही. त्यात ती जुन्यांच्या ओळीत लावली की जुन्या काही तरुण होत नाहीत, नवीच म्हातारी होते. बदलायच्या तर चारही एकदम. निम्म्याच्या खाली उतरू द्यायच्या नाहीत, होडी लागली की लगेच चार्जिंग, पाणी डिस्टिल्डच आणि तेही चार्ज झाल्यावर, टोकांवर पांढरं चढलं की सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन, कोरडं करून व्हॅसलीन. मी वही काढून सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, "चारही एकदम"खाली दोन रेघा मारल्या.

तो पिशवी आवरत म्हणाला, "गुरुजी, लिवून काय करता? हितं काय उरलंय आता?"

मी घरच्या माळ्यावरचं जुनं वल्हं काढलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच निघालो. चौसष्ट वर्षांचा माणूस, तीन मेलेल्या आणि एक नुकतीच गेलेली अशा चार बॅटऱ्या पोटात घेतलेली होडी, आणि समोरून वारा. बॅटऱ्या काठावर उतरवून ठेवाव्यात हे मला अर्ध्या पाण्यात सुचलं. सात वाजून वीस मिनिटांनी ती उतरली आणि चढण पळत गेली. मी होडीतच थांबलो. पंधरा मिनिटांत ती चालत परत आली. फळीवर बसून म्हणाली, "चला."

येताना मी म्हणालो, मी शाळेच्या लोकांशी बोलतो, चूक माझी होती. ती म्हणाली, "बोलू नका गुरुजी. तुमी बोलला की समजावत बसता."

म्हैस नांदे गावच्या पाहुण्यांकडे गेली. पुढच्या रविवारी मी सासूबाईंना, तिला आणि चार बोचक्यांना पलीकडे वल्हवत नेलं. टेंपो काठाशी लावून नवरा उभा होता. माझ्याशी तो नीट बोलला, चहाचंही विचारलं, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. मग म्हणाला, ती बॅटरी न्यावी म्हणतो, मोडीत तरी जाईल. आम्ही दोघांनी ती फळीखालून उचलली. ती मागून म्हणाली, "तिरपी करू नका, ॲसिड सांडंल." मी ती तान्ह्या पोरासारखी सरळ धरून टेंपोपर्यंत नेली.

परत निघालो तर होडी एका अंगाला कललेली. एका बाजूला दोन बॅटऱ्या, दुसरीकडे एकच. वल्हं मारलं की ती सरळ जायचं सोडून वळायची. मी दुसरीकडून जोर लावला, ती उलटी वळली. काठापासून हाकेच्या अंतरावर मी गोल गोल फिरत होतो. पाठ काठाकडे झाली, की टेंपो आता गेला असेल असं वाटायचं. तोंड काठाकडे झालं, की तो तिथंच उभा. त्याच्या दारात ती बसलेली, माझ्याकडे बघत. एरवी ती पोट धरून हसली असती. मी हात हलवायला वल्हं सोडलं, तर होडी आणखी एक फेरी फिरली.