सोलो म्हणजे एकट्याचं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सलीमला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या दिलीपला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या मांडवीचे नाही म्हणून असेल. शिवाय तुम्ही मध्येच काही विचारणार नाही, हेही आहेच.

ऐंशीच्या दशकात आम्हा मित्रांचा एक ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत रत्नागिरीत, एरवी कधी पालीला, कधी जयगडला बोलावणं यायचं. दिलीप गायचा आणि गिटार वाजवायचा, सलीम ड्रम बडवायचा आणि मी — मी निवेदक. वाद्य एक येत नव्हतं, सुराचं तर विचारूच नका. पण दोन गाण्यांच्या मध्ये उभं राहून गोड बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

स्टेजवर हिंदी गाणी; वेड मात्र वेगळंच होतं. एक विलायती रॉक गायक — गाणी स्वतः लिहायचा, स्वतः चाली लावायचा. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? आम्ही त्याला नुसतं 'तो' म्हणायचो. दिलीपने त्याच्यासारखे केस वाढवले, तर अख्ख्या आळीने त्याला दाढी-जटा कधी सोडणार म्हणून छळलं. 'त्या'ने आपला बँड सोडल्याची बातमी आली तेव्हा सलीमच्या घरी कुणीतरी गेल्यासारखी शांतता होती. मग कळलं, त्याची एकट्याची नवी कॅसेट निघाली आहे. सलीमचा भाऊ जहाजावर नोकरीला. त्याला निरोप गेला — अत्तर नको, घड्याळ नको, फक्त सोलो अल्बम आण.

दिलीपच्या आईच्या कानावर दिवसभर हेच. सोलो कधी येणार, सोलो आला का? शेवटी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "सोलं हवीत तर बरणीतली घे हो. अंगणातली अजून ओली आहेत." कोकमाची सोलं! आम्ही हसून लोळलो. मग मीच त्यांना ऐटीत समजावलं — काकू, सोलो म्हणजे एकट्याचं.

ऐट कशाची, तर इंग्रजीची. माझं इंग्रजी चांगलं असा समज होता, आणि तो पसरवला होता मीच. खरं सांगू? गाण्यातलं अर्धं कळायचं, अर्धं मी ठोकून द्यायचो. 'तो' गायचा, मी अर्थ सांगायचो, आणि दिलीप डोळे मिटून ऐकायचा. यात कुणाचं काय बिघडत होतं? तोवर काहीच नाही.

त्याच सुमाराला मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने दिलीपला गणपतीत ऐकलं. ये म्हणाला, राहायची सोय करतो, मोठ्या स्टेजवर गा. दिलीपचं ठरत नव्हतं. काकू तर सरळ म्हणाल्या, "जा हो, माझी काळजी नको करू. इथे राहून कुणाला ऐकवणारेस?" मी मात्र काहीच बोललो नाही. तो गेला तर ऑर्केस्ट्रा संपला. आणि ऑर्केस्ट्रा संपला तर मी कोण? गाणंच नसेल तर निवेदन कशाचं करणार? मला भीती वाटली. मत्सरही वाटला — हेही सांगून टाकतो.

आणि कॅसेट आली. म्हणजे मूळ नव्हे, भावाने कुठल्याशा बंदरात कुणाकडून तरी डब करून घेतलेली. सोबत गाण्यांचे शब्द छापलेला कागद वगैरे काही नाही. दिलीपच्या ओटीवर टेप मधोमध ठेवून आम्ही भोवती बसलो. पहिलीच तान आली आणि सलीमने मांडीवर ठेका धरला. काय आनंद होता तो! काकूंनी कांदेपोहे आणून ठेवले, कुणी हात लावला नाही.

मग ते गाणं लागलं. नुसती गिटार आणि त्याचा आवाज. सावकाश, अगदी स्वच्छ. दिलीपने विचारलं, "काय म्हणतोय रे?"

मी म्हणालो — म्हणतोय की मी दोस्तांना सोडून एकटा निघालो आणि माझा आवाजच हरवला. दार उघडा, मी परत येतोय.

दिलीपने ते गाणं पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. मग टेप बंद केला, आणि त्या आठवड्यातच त्याने मुंबईला नकार कळवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन-तीन वर्षांत मला कोल्हापूरला बँकेत नोकरी लागली. मी गेलो. हो, मीच आधी गेलो, आणि मागे वळूनही पाहिलं नाही. ऑर्केस्ट्रा मोडला. दिलीपने विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. त्याचा संसार झाला, आजही आळीच्या भजनात गातो. तो मजेत आहे, असं तुम्ही म्हणाल. आहेही. पण ते माझ्या खात्यावर जमा करू नका.

गेल्या मे महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या मुलीने ते गाणं मोबाईलवर शोधून काढलं, शब्दांसकट, मराठी अर्थासकट. दिलीप चष्मा चढवून ओळ न् ओळ वाचत गेला. त्यात लिहिलं होतं — दोस्त दारात रडत उभे होते, तरी मी निघालो, आणि मला पस्तावा नाही. ज्याच्या गळ्यात गाणं आहे त्याने निघावं.

तो थांबला. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून हसला.

"अरे मेल्या, तू सगळं उलटंच ऐकलंस की रे तेव्हा! जाऊ दे. डब केलेली कॅसेट ती, कळणार तरी काय माणसाला?"

मी म्हणालो, "हो ना."

त्या कॅसेटवरच्या बाकीच्या गाण्यांतलं मला फारसं काही कळलं नव्हतं. हे एकच गाणं पूर्ण कळलं होतं.