नखांत भरलेला मळ

मी ज्या दुकानात झाडलोट करते, तिथे फोटो मोठे छापून विकतात. हॉटेलवाले ते भिंतीला लावायला नेतात. गेल्या आठवड्यात मी भाकरी थापत असताना मालकांनी माझ्या हातांचा फोटो काढला. त्यासाठी मी दोनदा साबण लावला होता, ठेवणीतल्या हिरव्या बांगड्या घातल्या होत्या.

आज दुकानातल्या सुनीताताई तो फोटो कॉम्प्युटरवर छपाईसाठी तयार करत होत्या. बांगड्या पुसून टाकलेल्या. बोटांवरच्या भेगा रुंद केलेल्या, नखांत काळा मळ भरलेला. भाकरी मात्र पांढरीशुभ्र.

आजवर शेणानं सारवलं, लोकांचे संडास धुतले, पण अशी किळस कधी आली नाही. ती घाण पाण्यानं जाते. ही तर कुणीतरी खुर्चीत बसून, एकेका नखात निवडून भरलेली.

"हे काय केलंत, ताई?"

"मालक म्हणाले, कष्टाचे हात दिसले पाहिजेत. स्वच्छ हात कोण विकत घेतं?"

"असल्या हातची भाकरी तुम्ही खाल का?"

त्या हसल्या. "खायची कुठं आहे, मावशी? भिंतीला तर लावायचीय."

कष्ट करणारी बाई भाकरीला बसताना आधी हात धुते, हे यांच्यापैकी कुणालाच कसं ठाऊक नाही? त्यांच्या घरीही कुणीतरी भाकरी करतच असेल.

ते हात माझे आहेत, हे सुनीताताईंना माहीत नव्हतं. सांगावंसं फार वाटलं. पण मी हात पदराखाली घेतले.