पितृपंधरवड्यात सापडलेलं घर

दुबईत भाड्याचं घर बघणं म्हणजे स्थळं बघण्यासारखं आहे. फोटोत सगळीच उजळ आणि ऐसपैस दिसतात. मी चौदा वर्षं इथे नोकरी करतोय, लग्न एकदाच केलं, घरं मात्र पाच बदलली. त्यामुळे यातलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता.

या खेपेला घर हवं होतं आईसाठी. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आई सांगलीच्या घरात एकटीच होती. महिनाभर विनवण्या केल्यावर ती व्हिजिट व्हिसावर आली आणि आल्या दिवशीच बजावलंन, की कायमची ठेवणार असशील तर राहते, पण सारखी विमानानं ये-जा माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही. एकदा परत गेले की गेले. आईला ठेवून घ्यायचं तर दोन बेडरूमच्या घराचा करार माझ्या नावावर दाखवा, असं व्हिसाच्या ऑफिसात सांगितलं. आमची बेडरूम एक. आई हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची आणि आम्ही उठायच्या आत पांघरुणाची घडी करून, रात्री इथे कुणी झोपलंच नव्हतं अशी बसायची. मला फार लाज वाटायची. एकदा वाढवून घेतलेला व्हिसा संपायला पाच आठवडे उरले होते.

मुलीची शाळा ऊद मेथाला, म्हणून घर तिथेच बघायचं ठरलं. पहिल्या एजंटनं ‘क्रीक व्ह्यू’, म्हणजे खाडी दिसणारा फ्लॅट, दाखवला. बाथरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढली की दोन इमारतींच्या फटीत निळं काहीतरी दिसायचं. जरा निरखून पाहिलं तर ती शेजारच्या बांधकामावरची ताडपत्री. दुसऱ्याकडची दुसरी बेडरूम म्हणजे हॉलमध्ये प्लायवूड ठोकून काढलेला कोनाडा. त्यात आई मावली असती, पण उभीच. तिसरा म्हणाला, सर, रास अल खोरच्या पलीकडे घ्या, शाळा फक्त पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं रविवारी पहाटेची होती. चौथ्या ठिकाणी मालकाच्या मॅनेजरनं तर माझी तोंडी परीक्षाच घेतली. माणसं किती, पाहुणे किती, फोडणी किती वेळा. आई राहणार म्हटल्यावर त्यानं वय विचारलं, बहात्तर ऐकून खूश झाला आणि कागदावर ‘आवाज नाही’ असं लिहिलं. आमच्या आईला तो भेटलेला नव्हता.

शेवटी गाठ पडली ती रत्नागिरीकडच्या एका भाईंशी. आधी बरीच वर्षं अबू धाबीजवळ मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये काम केलेलं, आता घरांची दलाली. मराठी आमच्यापेक्षा चांगलं, कारण आमचं निम्मं वाक्य ऑफिसच्या इंग्रजीत जातं. त्यांनी दाखवलेलं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं. दुसरा मजला, लिफ्ट, खाली किराणा, दोन बेडरूम, आणि दोन्हींना खरोखरच्या खिडक्या. आईच्या खोलीत सकाळचं ऊन येणार होतं. भाडं नव्वद हजार दिरहम, म्हणजे वर्षाला वीस लाखांच्या वर, असं मी मोठ्यांदा म्हणालो, पण तो नुसता सवयीचा सुस्कारा. घर मला आवडलं होतं. भाई म्हणाले, आजच चेक देऊन टाका.

चेकवर तारीख घालायला मी मोबाइलवर कालनिर्णय उघडलं आणि हात आखडला. पितृपंधरवडा लागून दोन दिवस झाले होते.

तसा मी काही धार्मिक वगैरे नाही. संकष्टीला ऑफिसच्या पार्टीत माझं ताट पाहिलंत तर तुम्हीच मान खाली घालाल. पण आईला चालणार नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं. बाबा असताना आमच्या घरी त्या पंधरवड्यात केरसुणीसुद्धा नवी येत नसे. मग हिशोब केला. घटस्थापनेला सही करायची, त्यानंतर व्हिसाचे चार दिवस उरतात, तेवढ्यात कागद होतील. घर बघायला सोबत आलेली बायको म्हणाली, अरे, आईंना विचार तरी. मी म्हटलं, विचारायचंय काय त्यात, माझी आई आहे, मी ओळखतो तिला. त्यावर मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, “व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क आजी?” मी तिला मराठीत बोल म्हणून दटावलं. तेवढंच उत्तर द्यायचं टळलं.

भाई हसले नाहीत. गावाला शेजारी तुमच्यातलीच घरं होती, म्हणाले, मला ठाऊक आहे. चेक देऊन ठेवा, सामान घटस्थापनेला आणा. मी म्हटलं, सही म्हणजे घर घेतल्यासारखंच झालं. भाई जरा थांबून म्हणाले, इन्शाल्ला, बघतो. चौदा वर्षं इथे काढलेल्या माणसाला त्या इन्शाल्लाचा अर्थ कळायला हवा होता.

चौथ्या दिवशी फोन आला. खलास, दुसऱ्यांनी चेक दिले. मी तडकलो. एवढ्या घाईनं कोण घेऊन गेलं, म्हणून विचारलं.

“तुमच्यातलेच,” भाई म्हणाले. “पुण्याचे.”

पुणेकरांना काय पितर नसतात, असं बडबडत मी घरभर फिरत होतो. आई मेथी निवडत बसली होती. कसलं घर, तिनं विचारलं. तेव्हा कुठे मी तिला सगळं सांगितलं. लिफ्ट, खिडकी, सकाळचं ऊन, आणि तुला चालणार नाही म्हणून मी कसं थांबवलं ते. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

“मला कुणी विचारलं?”

मी खाली पडलेल्या काड्या गोळा करायला लागलो.

“अरे, तुझे बाबाच ना आता पितरांत? मला खोली मिळतेय म्हणून ते रागावले असते होय रे?”

बायको तिच्या शेजारी बसून मेथी निवडायला लागली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दोन आठवडे मी वेड्यासारखा हिंडलो. आता पितर, अमावास्या, राहुकाळ, कशाचीच अडचण नव्हती. अडचण एवढीच, की घर नव्हतं. प्लायवूडच्या कोनाड्यालाही हो म्हणायला गेलो, तर तोही गेलेला. घटस्थापनेनंतर चौथ्या दिवशी आईला विमानात बसवून आलो. जाताना तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, परत यायचंही काढलं नाही, उलट डब्यात भाजी ठेवलीय, गरम करून घ्या, म्हणाली.

घर मिळालं ते दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांतला एक, दोन बेडरूम, सगळं यथासांग. मी लगेच आईला फोन लावला. तिनं स्वयंपाकघर मोठं आहे का विचारलं, खिडक्यांचं विचारलं. “छान मुहूर्त साधलास,” म्हणाली. “सुखानं राहा.”

मी म्हटलं, तुझी खोली तयार आहे, तिकीट काढू का?

ती म्हणाली, सूनबाईला दे फोन, तिच्याशी बोलते.